पुण्यात दोन महिने झाले, अजून रुळले नाही

किनवटची मुलगी:
इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहते. वर्गात तोंड उघडलं की "तू नांदेडकडची का गं?" असं विचारतात, म्हणून मी बोलणंच कमी केलंय. मेसची आमटी गोड लागते. रविवारी संध्याकाळी मेस बंद, तेव्हा आईने दिलेली शेंगदाण्याची चटणी ब्रेडला लावून एकटीच खाते. घरी फोनवर "सगळं छान आहे" म्हणते. तुम्ही कसे रुळलात?

लातूरकर:
ताई, मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचो. रविवारी आम्ही चौघं मिळून खिचडी टाकायचो, तांदूळ एकाचा, डाळ दुसऱ्याची. त्या खिचडीभोवती गणिताच्या शंका सुटल्या आणि एकदा मी पोटभर रडलोही. चटणीचा डबा शेजारच्या खोलीत घेऊन जा. आधी एवढंच कर.

भंडाऱ्याची:
आणि घरी खरं सांग गं, आईला आवाजावरून कळतंच. झोप-भूक उडाली असेल तर मात्र थांबू नकोस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. परीक्षेआधी रात्री दोन वाजता मी केला होता. फार आधार वाटला.

किनवटची मुलगी:
काल डबा घेऊन गेले. समोरच्या खोलीतली चंदगडची निघाली. तिने घरचे काजू काढले. तिचे काही शब्द मला कळेनात, माझे तिला. साडेअकरापर्यंत बोलत बसलो.