मदत हवी आहे: डोकं न गरगरवणारा गेम सुचवा

मंडळी, मी ऐरोलीत राहते. पोरं झोपली की तासभर गेम खेळते. साधा लॅपटॉप आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) जीव लावून खेळले. चित्रं, संगीत, कोड सगळं एकट्या एरिक बॅरोनने केलंय, कमाल वाटते! पण गेममधला माणूस झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. मग ‘आता एकच दिवस’ म्हणता म्हणता दीड वाजतो, आणि सकाळची ठाणे लोकल काही थांबत नाही. ‘हॉलो नाइट’ दिसायला देखणा, पण छळवादी. मेलं की पैसे तिथेच राहतात. परत जाऊन आपल्याच सावलीशी लढायचं, तेव्हा ते मिळणार. त्यापेक्षा ‘सेलेस्ट’ बरा, असिस्ट मोडमध्ये वेग कमी करता येतो.

खरी अडचण पुढेच. घोडबंदरला भाच्याकडे मोठ्या टीव्हीवर ‘आउटर वाइल्ड्स’ हा अंतराळातला गेम खेळले. दर २२ मिनिटांनी सूर्य फुटतो आणि आपण पुन्हा शेकोटीपाशी जागे होतो. कल्पना भन्नाट! पण यान वळवलं की पोटात ढवळायला लागलं. भाचा म्हणतो, "मावशी, सवय होईल." मला नाही वाटत.

असा त्रास कुणाला होतो का? फील्ड ऑफ व्ह्यू (म्हणजे पडद्यावर एका वेळी किती रुंद दृश्य दिसतं ते) वाढवून खरंच फरक पडतो? आणि वरून किंवा बाजूने दिसणारा, कधीही सेव्ह करता येणारा, गोष्ट चांगली असलेला गेम सुचवाल का? मारामारी कमी असली तर उत्तमच.