मदत हवी आहे: वडिलांसाठी साधे किंडल, पेपरव्हाइट की टॅबलेट?

माळवी_वाचक (इंदूर)
येत्या रविवारी वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन आहे आणि आम्हां भावंडांना त्यांना वाचनासाठी एखादे उपकरण भेट द्यायचे आहे. सहा इंची साधे किंडल, सात इंची पेपरव्हाइट आणि अकरा इंची अँड्रॉइड टॅबलेट या तिघांपाशी गाडी अडली आहे. दोन्ही किंडलांच्या पडद्यांवर इंचाला 300 बिंदू असतात असे माहितीपत्रक सांगते; मग पेपरव्हाइटचे जास्तीचे पैसे नेमके कशाचे, हे जेल रोडवरच्या ज्या ज्या दुकानांत विचारले तिथे कोणालाही सांगता आले नाही. वस्तू वेळेवर यायची तर आज रात्रीच मागवावी लागेल. कृपया एकच नाव सांगा.

रेवाकाठ
डोळे मिटून पेपरव्हाइट घ्या. पडद्याचा प्रकाश रात्री पिवळसर करता येतो, ती सोय साध्या किंडलमध्ये नाही. शिवाय त्यावर पाणी सांडले तरी ते सहसा बिघडत नाही. माझ्या सासूबाई रोज रात्री त्यावरच वाचतात.

गौरी_ब
एकच नाव सांगण्याआधी वडील काय वाचणार ते कळायला हवे. विकत घेतलेली ई-पुस्तके वाचणार असतील तर अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आणि मराठी ई-पुस्तके किंडलवर 2016 पासून मिळत आहेत. तेव्हा साधे किंडलही पुरेल. पीडीएफ वाचणार असतील तर सगळा हिशोब बदलतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे का, आणि हातात वजन पेलते का, हेही कळवा.

अभियंता51
पीडीएफ असो वा नसो, टॅबलेटच घ्यावा. त्यावर नातवंडांशी व्हिडिओवर बोलता येते, वर्तमानपत्र वाचता येते आणि ध्वनिपुस्तके ऐकता येतात. या वयात डोळ्यांना ताण देण्यापेक्षा ऐकणे केव्हाही चांगले.

रेवाकाठ
ध्वनिपुस्तकांबद्दल कोणी विचारलेले नाही, साहेब. टॅबलेटच्या निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात, हे आपण विसरत आहात.

गौरी_ब
रेवाकाठ, हे तेवढे बरोबर नाही. पडद्याच्या निळ्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी या नेत्रतज्ज्ञांच्या संस्थेनेच सांगितले आहे. पडद्याकडे टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि थकतात. किंडलच्या ई-इंक पडद्याचा, म्हणजे कागदासारखा दिसणाऱ्या पडद्याचा, खरा फायदा निराळा आहे: खिडकीशी, भर उजेडात बसूनही अक्षर कागदावरच्यासारखे दिसते, तर टॅबलेटच्या काचेत मागची खिडकीच दिसू लागते.

माळवी_वाचक
वडील होळकरकालीन पत्रव्यवहाराचे जुने खंड वाचतात. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया प्रकल्पात स्कॅन झालेली जी पुस्तके इंटरनेट आर्काइव्ह या संकेतस्थळावर आहेत, त्यांतले हे खंड माझ्या भाच्याने उतरवून दिले आहेत. सगळ्या पीडीएफच आहेत. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या आहेत आणि ते खिडकीशी आरामखुर्चीत, पुस्तक हातात धरूनच वाचतात. आता तरी नाव सांगा.

गौरी_ब
मग मोजमाप करू. स्कॅन केलेले पान म्हणजे छायाचित्र. त्यातले अक्षर वेगळे मोठे करता येत नाही, पान जेवढे लहान होईल तेवढे अक्षरही लहान होते. डेमी या पुस्तकांच्या नेहमीच्या आकाराचे पान साधारण 14 बाय 21.5 सेंटिमीटर असते. पेपरव्हाइटचा पडदा अंदाजे 10.7 बाय 14.2 आणि साध्या किंडलचा 9.1 बाय 12.3 सेंटिमीटर आहे. उभे धरून अख्खे पान पाहिले तर ते पेपरव्हाइटवर मूळ आकाराच्या 66 टक्के आणि साध्यावर 57 टक्केच दिसेल. पडदा आडवा केला की 14.2 सेंटिमीटर रुंदी मिळते, म्हणजे पेपरव्हाइटवर छापील पुस्तकाएवढेच अक्षर दिसते. मात्र एकेक पान तुकड्यांनी वाचावे लागते. संगणकावर आधीच समास कापून घेतले तर ते मूळ छपाईपेक्षाही मोठे दिसेल. जास्तीचे पैसे आहेत ते या रुंदीचे.

अभियंता51
अकरा इंची टॅबलेटवर हे काहीच करावे लागत नाही, अख्खे पान एकाच वेळी दिसते. आपण साध्या गोष्टीचा कारखाना करत आहात.

गौरी_ब
पानाच्या बाबतीत आपले म्हणणे मान्य आहे. पण असा टॅबलेट अर्धा किलोच्या आसपास भरतो आणि पेपरव्हाइट 211 ग्रॅम. आरामखुर्चीत हातात धरून वाचणाऱ्याला हा फरक जाणवणारच. माळवी_वाचक, त्यांच्याच खंडातले एक पान मूळ आकारात छापून घ्या, मग झेरॉक्सवाल्याकडून त्याच्या 66 आणि 57 टक्के प्रती काढा आणि तिन्ही कागद त्यांच्या नेहमीच्या जागी, त्यांचाच चष्मा लावून वाचायला द्या. तळटिपा असलेले पान निवडा, कारण अनुस्वार आणि रफार तिथेच आधी नाहीसे होतात.

विद्या_जोशीपुरा
केटूपीडीएफऑप्ट नावाची मोफत प्रणाली स्कॅन केलेल्या पानातले शब्द चित्रासारखे कापून लहान पडद्यावर पुन्हा मांडते. ती शब्दांमधल्या मोकळ्या जागेवरून काम करते आणि शिरोरेषेने शब्द जोडलेला राहतो, त्यामुळे मराठीही चालून जाते. माझे सरळ मजकुराचे ग्रंथ तिने छान उतरवले. कोष्टके आणि वंशावळी मात्र विस्कटल्या.

माळवी_वाचक
गौरीताई, कोपऱ्यावरच्या दुकानातून तिन्ही कागद करून आणले. 57 टक्क्यांचा कागद वडिलांनी लगेच बाजूला ठेवला. 66 टक्क्यांवर मुख्य पत्र वाचता आले, पण खालच्या टिपेतली हिजरी तारीख लागेना. मूळ आकाराचे पान त्यांनी शेवटपर्यंत वाचले आणि त्यातल्या एका महालाच्या नावावर मला बरेच काही सांगितले. मग कागद दुमडून अर्धे अर्धे पान दाखवले, तेव्हा तसे वाचायला काही हरकत नाही म्हणाले. पेपरव्हाइट मागवतो आहे. खंडांच्या काही फायली 100 एमबीच्या वर आहेत, त्या त्यावर कशा घालाव्यात?

गौरी_ब
ई-मेलने 50 एमबीपर्यंतच जाते. ॲमेझॉनच्या संकेतस्थळावरच्या सेंड टू किंडल पानावरून 200 एमबीपर्यंतची फाइल पाठवता येते. त्याहून मोठी असेल तर यूएसबी केबलने संगणकावरून थेट उतरवा. समास मात्र पाठवण्याआधी कापा.