घडीचा चाकू खोलावा की नुसता आवळावा? वॉरंटीची रेष नेमकी कुठे आहे?

मूळ मत : मागवाला, अक्कलकोट रोड, सोलापूर

टॉवेल-चादरींच्या कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला चाकू दिवसभर लागतो. सुताची गाठ कापायची असते, गठ्ठ्याची पट्टी तोडायची असते, पुठ्ठ्याचे खोके उघडायचे असते. आमच्या ओळखीतल्या अनेकांनी अलीकडे स्क्रूने जोडलेले, परदेशी बनावटीचे घडीचे चाकू घेतले आहेत. त्यामुळे एक प्रश्न वारंवार कानावर येतो, की पाते डगडगू लागले किंवा जड चालू लागले तर स्क्रूला हात लावावा की नाही? अनेक हमीपत्रांत ‘चाकू खोलल्यास वॉरंटी रद्द’ अशा आशयाचे वाक्य असते आणि लोक त्याचा अर्थ ‘स्क्रू फिरवूच नये’ असा घेतात. हा अर्थ चुकीचा आहे, असे माझे ठाम मत आहे. पिव्हटचा, म्हणजे पाते ज्या आसाभोवती फिरते त्याचा, स्क्रू पाव वळशापेक्षाही कमी फिरवणे ही निगा आहे आणि चाकूचे दोन्ही पाखे (मुठीच्या दोन बाजू) वेगळे करणे ही दुरुस्ती आहे. या दोन गोष्टी एकाच मापाने मोजल्या, तर चांगली वस्तू निव्वळ भीतीपोटी खराब होते.

पिव्हटच्या दोन्ही बाजूंना फॉस्फर ब्राँझचे किंवा टेफ्लॉनचे वॉशर असतात, किंवा पिंजऱ्यात बसवलेले बारीक छर्रे असतात. स्क्रू किती आवळला आहे यावर पात्याची चाल ठरते. कारखान्यातून चाकू नीट जुळवून येतो, परंतु वापराने वॉशर आपापल्या जागी बसतात, स्क्रू किंचित सैल होतो आणि पाते डावीकडे-उजवीकडे हलू लागते. सैल पिव्हटचा चाकू तसाच वापरत राहिलो, तर वॉशर एका बाजूने झिजतो आणि मिटताना पात्याचे टोक मधोमध न बसता आतल्या पत्र्याला घासते. पात्यावर टोकाजवळ केसासारखी एक चंदेरी रेघ उमटलेली दिसली, की हे घासणे सुरू झाले आहे असे समजावे.

जुळवणी करताना पाते पूर्ण उघडून लॉक (उघडलेले पाते अडवून धरणारा खटका) बसू द्यावे, योग्य मापाचा टॉर्क्स, म्हणजे सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराचा, बिट (बहुधा टी-८ किंवा टी-१०) सरळ दाबून धरावा आणि वळशाचा आठवा भाग इतकाच फिरवून थांबावे. मग पाते पाठीकडून चिमटीत धरून दोन्ही बाजूंना हलवून पाहावे, मिटून टोक मधोमध येते का ते पाहावे, आणि गरज असेल तरच पुन्हा तेवढेच फिरवावे. मुठीचे बाकीचे स्क्रू, पाते अडवणारी खुंटी, लॉकची पट्टी आणि मिटलेले पाते धरून ठेवणारी बारीक गोळी यांना अजिबात हात लावू नये.

साफसफाईसाठीही चाकू खोलण्याची गरज क्वचितच पडते. मागाजवळ वापरलेल्या चाकूत सुताचे तंतू आणि तेल मिळून वॉशरभोवती राखाडी, नमद्यासारखा थर बसतो. तो कोमट साबणाच्या पाण्यात पाते वारंवार उघडमीट केल्याने आणि कॉम्प्रेसरच्या हवेने सुटतो. नंतर चाकू पूर्ण वाळवून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पिव्हटवर सोडावा आणि जास्तीचे तेल पुसून घ्यावे. शेंगदाण्याचे किंवा करडईचे तेल वापरू नये, कारण ते कालांतराने चिकट होते. स्विस व्हिक्टोरिनॉक्स कंपनी आपल्या रिव्हेटच्या चाकूंसाठीही कोमट पाणी आणि तेलाचा थेंब हीच पद्धत सांगते. त्या चाकूला खोलण्याजोगा स्क्रूच नसतो, तरीही तो वर्षानुवर्षे नीट चालतो.

प्रतिसाद : टूलरूममधून निवृत्त, होटगी रोड

साफसफाईबद्दल आपण लिहिले आहे ते मला मान्य आहे. मात्र वळशाच्या आठव्या भागाला आपण निरुपद्रवी ठरवता, तिथे माझा विरोध आहे. बऱ्याच चाकूंच्या पिव्हटच्या आट्यांवर कारखान्यात लॉकिंगचे द्रव लावलेले असते. ते वाळून आट्यांमध्ये एक थर धरते आणि त्या थरामुळेच स्क्रू जागचा हलत नाही. आपण स्क्रू एकदा फिरवला, की तो थर तुटतो आणि पूर्वीची पकड उरत नाही. आज आवळलेला स्क्रू म्हणून महिन्याभरात पुन्हा सैल होतो, माणूस पुन्हा आवळतो, आणि शेवटी बाजारातून मिळेल ते द्रव आणून ओततो. लाल रंगाचे, कायमच्या जोडासाठीचे द्रव लावले असेल तर ते सोडवायला सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. तेवढ्या उष्णतेत नायलॉनच्या मुठीचे काय होईल, हे सांगायला नको. रोगापेक्षा इलाज भयंकर अशी ही गत आहे.

दुसरा मुद्दा हत्यारांचा आहे. टी-६ बिटाचे टोक जेमतेम पावणेदोन मिलिमीटरचे असते. रस्त्यावर मिळणाऱ्या स्वस्त संचातला बिट मऊ पोलादाचा असतो, तो स्क्रूच्या डोक्यातच पिळला जातो आणि खाचा गोल होतात. अशा स्क्रूचा चाकू वॉरंटीसाठी पाठवला, तर समोरचा माणूस पहिल्या नजरेत ओळखतो की हात कोणाचा लागला आहे. मी आयुष्यभर यंत्राचे सुटे भाग जुळवले आहेत आणि म्हणूनच सांगतो, की वॉरंटी चालू आहे तोवर ज्याने जुळवले त्यालाच जुळवू द्यावे.

प्रतिसाद : डाळिंबवाला, सांगोला

काका, आपला अनुभव मोठा आहे, पण आपले म्हणणे शेतात टिकत नाही. माझ्या चाकूवर डाळिंबाचा रस, खत आणि उन्हाळ्यातली धूळ एकत्र बसते. तो रस आम्लधर्मी असतो. साध्या कार्बन पोलादाचे पाते तर त्याने एका दिवसात काळे पडते, आणि वॉशरच्या खाली जिथे पाणी पोचते पण कापड पोचत नाही, तिथे गंज धरतो. तो गंज बाहेरून दिसतही नाही. अशा वेळी चाकू पूर्ण खोलून पुसण्याखेरीज दुसरा मार्ग नाही, असे मला वाटते.

पैसे मी मोजले आहेत, वस्तू माझी आहे. पात्याचे पोलाद मुळातच सदोष निघाले आणि त्याला तडा गेला, तर मी स्क्रू काढला होता की नाही याचा त्या तड्याशी काय संबंध? अमेरिकेत क्रिस रीव्ह यांची कंपनी आपल्या सेबेंझा चाकूबरोबर खोलण्यासाठी ॲलन की देते आणि मालकाने तो खोलून साफ करावा अशीच तिची अपेक्षा असते. एका कंपनीला हे जमते, तर इतरांनी मालकावर अविश्वास का दाखवावा? आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले. त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे आणि वाहने घेतली आहेत. चाकू त्यात नाही हे मला ठाऊक आहे, परंतु ग्राहकाला दुरुस्तीचा अधिकार असावा हे तत्त्व तर सरकारने मान्य केले ना?

उत्तर : मागवाला, अक्कलकोट रोड

सेबेंझाचे उदाहरण आपण दिलेत ते बरे झाले, कारण माझा मुद्दा त्यातूनच स्पष्ट होतो. सेबेंझाच्या नेहमीच्या रचनेत पिव्हटवर अचूक मापाची बुश (छोटी नळी) असते. स्क्रू पूर्ण आवळला तरी दाब त्या बुशवर येतो आणि पाते अडकत नाही. म्हणजे चाल हाताच्या अंदाजावर सोडलेलीच नाही, म्हणून तो चाकू मालकाच्या हाती निर्धास्तपणे देता येतो. इतर बहुतेक चाकूंत स्क्रूचा ताण हीच जुळवणी असते. त्यातही अमेरिकेच्या बेंचमेड कंपनीच्या ॲक्सिससारख्या आडव्या दांडीच्या लॉकमध्ये ओमेगाच्या आकाराच्या दोन केसासारख्या स्प्रिंगा असतात. पाखा उचलला की त्या जागा सोडतात, आणि एखादी तुटली किंवा हरवली तर आपल्याकडे ती मिळणार कुठे? मुठीच्या पाठीवर लॉक असलेला चाकू खोलला, तर ताणलेली पट्टी दाबून धरत पुन्हा खुंटी बसवणे दोन हातांनी कठीण जाते. आपल्याला खोलण्याचा अधिकार आहे, हे मी नाकारत नाही. प्रत्येक चाकू खोलण्यासाठी घडवलेला नसतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

डाळिंबाच्या रसाबद्दल मात्र मी आपल्याच बाजूने आहे. काम संपल्याबरोबर, रस वाळण्याच्या आत चाकू धुतला तर वॉशरखाली गंज धरण्याची वेळ सहसा येत नाही. बागेतल्या कामासाठी पुढचा चाकू घेताना स्टेनलेस पात्याचा घ्यावा, हे त्याहून बरे.

प्रतिसाद : ग्राहक कायद्याची अभ्यासक, रेल्वे लाईन्स

कायद्याचा मुद्दा अर्धवट राहू नये म्हणून लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ८७ मध्ये असे म्हटले आहे, की इजा झाली त्या वेळी वस्तूचा गैरवापर झालेला असेल किंवा तिच्यात फेरबदल केलेला असेल, तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन दायित्वाचा दावा करता येत नाही. पुष्कळ जण हे कलम वॉरंटीला चिकटवतात. ते योग्य नाही, कारण ते इजेच्या भरपाईसंबंधी आहे. स्वतः खोलून जोडलेल्या चाकूचे लॉक सुटले आणि बोट कापले, तर हे कलम आड येऊ शकते. पात्याच्या पोलादात मूळचा दोष असल्याची तक्रार मात्र वेगळी आहे. तिथे दोष आणि आपण केलेले काम यांचा संबंध काय, हाच वादाचा विषय राहील, आणि त्या बाबतीत सांगोल्याच्या बंधूंचा प्रश्न रास्त आहे.

तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते. त्यामुळे विक्रेता मुंबईचा असला तरी सोलापूरच्या माणसाला सोलापुरातच दाद मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. या सगळ्यात लेखी पुराव्याला मोल आहे. म्हणून स्क्रूला हात लावण्याआधी कंपनीला किंवा आयातदाराला ई-मेलवर सरळ विचारावे, की ‘केवळ पिव्हटचा स्क्रू जुळवल्यास आपली वॉरंटी कायम राहते का?’ आलेले उत्तर जपून ठेवावे.

प्रतिसाद : दुकानदार, नवी पेठ

विचारण्याआधी बिल पाहावे. परदेशातून कोणाकरवी मागवलेल्या किंवा बिलाविना घेतलेल्या चाकूची वॉरंटी इथे कोणी घेईलच असे नाही. त्या वस्तूवर खोलण्या-न खोलण्याचा वाद घालण्यात अर्थ उरत नाही.

प्रतिसाद : टूलरूममधून निवृत्त, होटगी रोड

ताईंनी सांगितलेली लेखी परवानगी हाती असेल, तर माझा विरोध सौम्य होतो, पण संपत नाही. परवानगी मिळालेल्या माणसाने निदान एवढे करावे. स्क्रूच्या डोक्यावरून मुठीपर्यंत बारीक मार्करने एक सरळ रेघ ओढावी आणि त्याचे छायाचित्र घ्यावे. म्हणजे स्क्रू किती फिरला हे दिसते आणि मूळ जागी परत आणता येतो. चाकूचा बिट चांगल्या पोलादाचा, एकेकटा विकत मिळणारा घ्यावा. स्क्रूबरोबर पलीकडचा पिव्हटही गरगर फिरू लागला, तर जोर लावू नये. काही चाकूंत तो इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा असतो आणि फिरत नाही, पण काहींत तो गोल असतो आणि दोन्हीकडून धरावा लागतो.

प्रतिसाद : डाळिंबवाला, सांगोला

काका, मग स्क्रू वारंवार सैल होत असेल तर द्रव कोणते लावायचे, तेही सांगा. वॉरंटी संपलेला एक चाकू माझ्याकडे आहे आणि तो मी खोलणार आहेच.

प्रतिसाद : टूलरूममधून निवृत्त, होटगी रोड

जांभळ्या रंगाचे, कमी ताकदीचे, लॉकटाइट २२२ या जातीचे द्रव बारीक स्क्रूंसाठीच असते आणि ते साध्या हत्याराने सुटते. लाल घेऊ नका. आधी स्क्रूचे आणि भोकातले आटे तेलरहित पुसून घ्या, मग सुईच्या टोकावर येईल एवढेच द्रव केवळ आट्यांवर लावा. ते वॉशरवर किंवा छर्‍यांत उतरले तर पाते जाम होते. चाल जुळवून झाली की चाकू चोवीस तास तसाच ठेवा, कारण पूर्ण पकड यायला तेवढा वेळ लागतो, आणि तेलाचा थेंब त्यानंतरच सोडा. वॉशर काढलेत तर ज्या बाजूचा त्याच बाजूला, त्याच तोंडाने परत बसवा. नवा चाकू मात्र मुदत संपेपर्यंत खोलू नका, या मतावर मी अजूनही आहे.