आठवीच्या मुलांना अमेरिकेचा इतिहास किती सांगायचा?

मोहोर_जर्सी: परवा इथे कोणीतरी लिहिलं, 'आठवीच्या पोरांना गुलामगिरीचे तपशील कशाला? १७७६ चं स्वातंत्र्य, राज्यघटना, लिंकन एवढं पुरे, बाकी कॉलेजात.' डोकं फिरलं माझं. लेकीला शाळेत १८६० च्या जनगणनेतलं गुलामांचं पान दिलं होतं. मालकाचं नाव आहे, पुढे नुसतं वय, लिंग, रंग. गुलामांची नावंच नाहीत. एका ओळीत वय ६/१२, म्हणजे सहा महिन्यांचं बाळ. तिने विचारलं, 'मग याचं नाव काय होतं?' तेरा वर्षांच्या मुलीला हे कळतं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळे समान' लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात ६०० हून जास्त माणसं गुलाम म्हणून ठेवली, हे त्याच तासाला सांगायला हवं.

डलासकर: लिहिणारा मीच, आणि मत बदललेलं नाही. टेक्सासात आठवीला १८७७ पर्यंतचा इतिहास असतो. माझ्या मुलाला अन्यायाच्या गोष्टी पाठ आहेत, पण सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, काय करतं विचारलं की गप्प. २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीची जेमतेम १३ टक्के मुलं इतिहासात प्रवीण ठरली. आधी पाया घाला.

बे_एरिया_काका: आणि आपला, इथल्या भारतीयांचा इतिहास? पंजाबातून आलेला भगतसिंग थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात होता, तरी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने 'तू गोरा नाहीस' म्हणून नागरिकत्व नाकारलं. माझ्या दोन्ही मुलांना शाळेत याचं अवाक्षर शिकवलं नाही.

सत्यशोधक७३: शिकवा, पण अर्धवट नको. थिंडच्या वकिलांचा युक्तिवादच हा होता की तो उच्चवर्णीय आर्य, म्हणून गोरा. त्याच्या पन्नास वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्यांना अर्पण केली होती. आपल्या मुलांना दोन्ही कळू दे.

डलासकर: झालं, आणलीत जात! विषय काय, चाललंय काय!

सत्यशोधक७३: मी नाही आणली, ती त्या खटल्यातच आहे. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना दार उघडलं, तरी इथे कायमचं यायचा भारताचा कोटा होता वर्षाला १०० माणसं. १९६५ मध्ये तो गेला तो नागरी हक्क चळवळीच्या रेट्याने. काळ्या लोकांनी मार खाल्ला म्हणून तुम्ही-आम्ही इथे आहोत.

डलासकर: मी इथे आलो ते वडिलांनी दीड एकर विकली म्हणून. त्यांच्या कष्टाचं श्रेय दुसऱ्याला देऊ नका!

बे_एरिया_काका: अहो, जमीन विकून फी भरता येते. दारच बंद असतं तर?

इलिनॉयची_बाई: मी सातवी-आठवीला शिकवते. डलासकर, पायाचं तुमचं म्हणणं मला मान्य करावं लागतंय, सिनेट खरंच येत नाही मुलांना. पण मूळ राज्यघटनेतच लोकसंख्या धरताना एक गुलाम तीन-पंचमांश माणूस मोजायचं कलम होतं. त्यावरून दक्षिणेतल्या राज्यांना काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, जास्त जागा मिळाल्या. गुलामगिरी वगळून तो पाया शिकवू कसा?

डलासकर: कलम शिकवा, ना नाही. ते जनगणनेचं पान देण्याआधी पालकांना कळवा.

मोहोर_जर्सी: जरूर कळवा. परवानगी मात्र मागायची नाही.