जर्मनीची भरपाई माफ, बाबांचं पेन्शन मात्र मोजायचं?

एडिसनकर: काल इथे कुणीतरी लिहिलं की ज्यू म्हाताऱ्यांना जर्मनीतून दरमहा पैसे येतात तरी त्यांचा एसएसआय (गरीब म्हाताऱ्यांना, अपंगांना अमेरिकन सरकार देतं ती मासिक मदत) शाबूत, आणि आपल्या आईवडिलांचं भारतातलं पेन्शन मात्र त्यातून कापतात, म्हणजे अमेरिकेतही वशिलाच. वाचून डोकं फिरलं. अहो, नाझी छळातून वाचलेल्यांची ती नुकसानभरपाई आहे, कमाई नव्हे. हे १९८४ साली ग्रुनफेडर खटल्यात कोर्टात भांडून मिळवलंय. १९९४ साली इथल्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, कायदा करून उत्पन्न पाहून मिळणाऱ्या केंद्राच्या सगळ्याच योजनांना ते लागू केलं. ज्यांची घरंच्या घरं संपली त्यांच्या पैशावर डोळा?

कोथरूडचा बाब्या: ते ‘कुणीतरी’ मीच. डोळा कुणी ठेवलाय? बाबांनी हयातभर झेडपीच्या शाळेत खडू झिजवले. पेन्शन ४० हजार, म्हणजे ४७० डॉलरच्या आसपास. त्यातले २० सोडतात, ४५० कापतात. २०२५च्या एसएसआयच्या महिना ९६७ डॉलरमधले हातात ५१७. एवढ्यात इथे औषधं येतात का, सांगा.

खवट: एडिसनकर, भरपाई म्हणून सूट ना? मग लढाईत पाय गेलेल्या अमेरिकन सैनिकाला व्हीए, म्हणजे माजी सैनिकांचं सरकारी खातं, जे देतं ते एसएसआयसाठी उत्पन्न कसं? ती काय बक्षिसी आहे? दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी-अमेरिकनांचे १९८८च्या कायद्याने मिळालेले भरपाईचे २० हजार डॉलर सोडले, सैनिकाचे धरले. तत्त्वबित्त काही नाही, ज्याच्यामागे वकील उभा राहिला तो सुटला.

एडिसनकर: सैनिकाचं मान्य. पण त्यावरून सैनिकाला सूट हवी एवढंच ठरतं, बाब्याच्या वडिलांना नाही. पेन्शन नोकरीचं आहे.

शिकागोची मावशी: ते राहू दे. बाब्या, बाबांचा कोथरूडचा फ्लॅट फॉर्मवर दाखवलास का? राहत नाही ते घर मालमत्तेत धरतात, आणि एकट्याला मर्यादा २००० डॉलर. १९८९पासून तेवढीच!

खवट: आणि सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलं की बंद. आमच्या सासूबाई पुतणीच्या लग्नाला सांगलीला गेल्या, तिथेच रमल्या. परत आल्यावर सलग ३० दिवस इथे काढल्याशिवाय एक छदाम नाही. घरात रोज त्यावरून भांडण.

एडिसनकर: मुलाचं चार बेडरूमचं घर, दारात टेस्ला, आणि आईवडिलांना सरकारी मदत. आधी याची लाज वाटू द्या.

कोथरूडचा बाब्या: टॅक्स मी भरतो, तुमचे तीर्थरूप नाही भरत. टेस्लाही नाही, जुनी कॅमरी आहे. बरं, ज्यूंबद्दलचं मागे घेतो. वशिला नाही, वकील चांगले. झालं समाधान? आणि मावशी, फ्लॅट भावाच्या नावावर आहे.

शिकागोची मावशी: कधी केला? अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांत फुकट दिला असेल तर ३६ महिन्यांपर्यंत पैसे अडतात. माझ्या भाच्याच्या सासऱ्यांचे अडकलेत.