‘सुपरव्हिजन’ला मराठीत काय म्हणावं? (मनोरुग्णालयाच्या संदर्भात)

शाईपेन
मनोरुग्णालयात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांसाठीची एक इंग्रजी पुस्तिका मराठीत आणतेय. तिसऱ्याच पानावर गाडं अडलं. वॉर्डात उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाने आठवड्यातून एकदा आपल्याहून अनुभवी मानसशास्त्रज्ञापुढे बसायचं, कुठल्या रुग्णाशी काय बोलणं झालं, कुठे आपलं चुकलं असं वाटतं, ते सगळं मांडायचं. याला ते ‘सुपरव्हिजन’ म्हणतात. मी ‘पर्यवेक्षण’ लिहिलं. मसुदा वाचणाऱ्या बाईंनी खाली लाल रेघ ओढली आणि समासात लिहिलं, ‘हे वाचून दहावीच्या परीक्षेचा हॉल डोळ्यांपुढे येतो.’ दुसरा शब्द सुचवा. ‘मार्गदर्शन’ नको, ते त्याच पानावर वेगळ्या अर्थाने आलंय.

निवृत्त मास्तर
पर्यवेक्षण हाच योग्य शब्द आहे. परि + अव + ईक्षण. शाळेत मुख्याध्यापक, उपमुख्याध्यापक आणि मग पर्यवेक्षक. मी अकरा वर्षं पर्यवेक्षक होतो. नव्या बाईंच्या तासाला मागच्या बाकावर बसायचो आणि मधल्या सुट्टीत चहा घेताना सांगायचो, ‘खिडकीजवळच्या त्या मुलाकडे तुम्ही तासभरात एकदाही पाहिलं नाहीत.’ तुमच्या पुस्तिकेत याहून वेगळं काय आहे? परीक्षेच्या हॉलने एक शब्द बळकावला म्हणून तो सोडून द्यायचा का?

वऱ्हाडी
मास्तर, ‘अव’ म्हणजे खाली. अवतरण, अवरोहण. म्हणजे चहूकडून खाली पाहणं, थोडक्यात उंचावर बसून. अधीक्षक बघा, अधि + ईक्षक, तोही वरून पाहणारा. मनोरुग्णालयात एक अधीक्षक असतोच, आता मानसशास्त्रज्ञांच्या डोक्यावर आणखी एक पाहणारा कशाला? याच ईक्ष् धातूपासून ‘उपेक्षा’ही झालाय. उप म्हणजे जवळ. जवळून पाहण्याचा शब्द दुर्लक्षाचा कसा झाला, याचं मला नेहमी नवल वाटतं. इंग्रजी ‘ओव्हरसाइट’चंही तेच, देखरेख आणि नजरचूक दोन्ही.

गोधडी
मी याच कामातली, म्हणून लिहिते. पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलं दोन वर्षांचं एम.फिल. केलं, तेव्हा दर गुरुवारी दुपारी माझं सुपरव्हिजन असायचं. महिला वॉर्डाच्या बाहेर दोन लोखंडी खुर्च्या होत्या, तिथेच. एकदा मी एका बाईंची केस मांडत होते. नऊ वर्षं आत होत्या, घरचं कुणी येत नव्हतं. मी लक्षणं सांगितली, औषधं सांगितली, पुढे काय करणार तेही सांगितलं. मॅडमनी वही मिटली आणि म्हणाल्या, ‘हे झालं त्यांचं. त्या बोलत असताना तुला काय होत होतं?’ मला रडू फुटलं, कारण त्या बाईंचा आवाज माझ्या मावशीसारखा होता आणि म्हणूनच मी त्यांना अवघड प्रश्न विचारायचं टाळत होते. पुढच्या आठवड्यात विचारला. मास्तर, तुम्ही बाकावर बसून तास पाहत होतात. आमच्या मॅडम त्या खोलीत नव्हत्याच. त्या माझ्या सांगण्यातून पाहत होत्या.

खरी अडचण मात्र नंतर, नोकरीत आली. ज्यांच्यापुढे मी चुका मांडायच्या, तेच माझा गोपनीय अहवाल लिहिणार. मग मी चांगल्या चांगल्या केसच न्यायला लागले. संस्थेत वरिष्ठ आणि सुपरव्हायजर एकच असला की असं होतं, आणि त्यात नुकसान रुग्णाचं होतं. ‘पर्यवेक्षण’ म्हटलं की मला ती दोन्ही कामं एकाच खुर्चीत बसलेली दिसतात. म्हणून मला तो शब्द नको.

वऱ्हाडी
ही अडचण जुनी आहे. बर्लिनला 1920 मध्ये मॅक्स आयटिंगोन यांनी मनोविश्लेषणाचा दवाखाना काढला, तिथे शिकाऊ विश्लेषकाच्या उपचारांवर ज्येष्ठांनी नजर ठेवण्याची पद्धत बसली. जर्मनमध्ये त्याला चक्क ‘कंट्रोल’ म्हणत.

निवृत्त मास्तर
गोधडीताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. पण अहवाल कोण लिहितो हा प्रशासनाचा दोष झाला, शब्दाचा नाही. शब्द बदलून खुर्ची बदलत नाही.

रत्नांग्री
मग सरळ ‘सुपरव्हिजन’च लिहा ना. वॉर्ड, राऊंड, ड्युटी, सिस्टर सगळं चालतं, मग यानेच काय घोडं मारलंय?

निवृत्त मास्तर
असं म्हणत म्हणत मराठीत नुसती क्रियापदं उरतील!

शाईपेन
रत्नांग्री, ही पुस्तिका तालुक्याच्या दवाखान्यातले समुपदेशकही वाचणार आहेत. शब्द बघून घाबरायला नको, एवढंच. ‘तालीम’ कसा वाटतो? गायक गुरूपुढे बसतो तसं.

वऱ्हाडी
तालमीत गुरू आधी गाऊन दाखवतो. इथे तसं नाही. शिवाय आमच्याकडे तालीम म्हटलं की लाल माती आणि वस्ताद.

गोधडी
माझी आजी एक शब्द वापरायची, पाठराखण. नवी नवरी सासरी जाताना सोबत पाठराखीण जायची. संसार नवरीनेच करायचा, पण रात्री जवळ बसून ‘आज काय झालं?’ विचारणारं कुणीतरी हवं. मला त्या लोखंडी खुर्च्या आठवल्या.

निवृत्त मास्तर
शब्द गोड आहे, पण आज पेपर उघडा. पाठराखण होते ती दोषी अधिकाऱ्याची. रुग्णाचं काही बरंवाईट झालं आणि पुस्तिकेत ‘पाठराखण’ असेल, तर लोक काय समजतील? 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला हक्क दिलेत. चूक झाकली जाते असा वास येणारा शब्द तिथे नको.

गोधडी
हे मान्य. पण पेपरवाल्यांनी बिघडवला म्हणून सोडून द्यायचा का? हेच तुम्ही परीक्षेच्या हॉलबद्दल म्हणाला होतात.

रत्नांग्री
आमच्याकडे पाठराखीण म्हणजे बहुतेक वेळा नवरीची आजी नाहीतर लहान बहीण. माझ्या आईबरोबर तिची आत्या आली होती. आईला चूल पेटवता येत नव्हती. आत्या पहाटे उठून पेटवून द्यायची आणि सासू उठायच्या आत परत अंथरुणात शिरायची.

वऱ्हाडी
लहान बहीण म्हणजे करवली ना? घोटाळा होतोय.

रत्नांग्री
नाही, करवली लग्नात करा धरते. पाठराखीण लग्नानंतर सासरी जाते. कधी एकच मुलगी दोन्ही असते.

शाईपेन
मला उद्या तिसरं पान पाठवायचंय. तूर्त ‘सुपरव्हिजन’ लिहून पुढे दोन ओळींत ते काय असतं ते सांगते, आणि गोपनीय अहवालाचा मुद्दा बाईंना वेगळा कळवते. कुणाला काही सुचलं तर लिहा.

वऱ्हाडी
आणि मग मुराळी कोण? तो नवरीला माहेरी न्यायला यायचा, की पाठराखिणीला?