मदत हवी आहे: ॲस्पिरिनच्या आयआर (इन्फ्रारेड) स्पेक्ट्रममध्ये ३४३० ला पीक, सॅलिसिलिक ॲसिड उरलंय का?

रंकाळाकाठ:
कोल्हापूर, एमएस्सी प्रॅक्टिकल. सॅलिसिलिक ॲसिड आणि ॲसेटिक ॲनहायड्राइडपासून केलेलं ॲस्पिरिन, केबीआर पॅलेट (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये मिसळून दाबलेली चकती). पीक (तरंगसंख्या, सेमी⁻¹): ३४३० रुंद, २३६० ला बारीक जोडी, १७५२, १६९०, १६३५ ला खांदा, १६०५. शिवाय ४००० कडे बेसलाइन घसरतेय. ३४३० हा फिनॉलचा ओएच धरून रिॲक्शन अपुरी लिहू का?

खलबत्ता:
नका लिहू. ३४३० आणि १६३५ दोन्ही पाण्याचे: पहिला ओएच ताणला जाण्याचा, दुसरा एच-ओ-एच कोन वाकण्याचा. कोल्हापूरच्या जुलैत केबीआर उघडा राहिला की ओल धरणारच. सॅलिसिलिक ॲसिड असतं तर ओएच ३२३५ च्या आसपास, बराच टोकदार आला असता आणि कार्बोनिल (C=O) १६६० ला. तिथे शेजारचा ओएच कार्बोनिलला रेणूच्या आतच हायड्रोजन बंधानं धरतो, त्यामुळे दुहेरी बंध सैल पडून पीक खाली येतो. तो ओएच ॲसिटाइल झाला, म्हणजे ॲस्पिरिन बनलं, की ही पकड सुटते आणि ॲसिडचा कार्बोनिल १६९० ला चढतो. तुमचा चढलाय, खरा पुरावा हाच. १७५२ एस्टरचा. साध्या एस्टरपेक्षा वर, कारण ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन जोडी बेंझीनच्या कड्याकडेही ओढली जाते. २३६० हवेतला कार्बन डायऑक्साइड. बॅकग्राउंड (नमुन्याशिवायचं मोजमाप) नव्यानं घ्या.

मात्र थोडंसं सॅलिसिलिक ॲसिड आयआरमध्ये लपून राहतं. चिमूटभर नमुना इथेनॉलमध्ये विरघळवून १% फेरिक क्लोराइडचे दोन थेंब टाका. जांभळा रंग आला तर पुन्हा रिक्रिस्टलाइज करा.

रंकाळाकाठ:
धन्यवाद सर. पॅलेट पुन्हा कसा करू?

खलबत्ता:
केबीआर ११० अंशांना दोन-तीन तास वाळवा, डेसिकेटरमध्येच (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) गार करा. ॲस्पिरिन मात्र ओव्हनमध्ये घालू नका. १ ते २ मिग्रॅ नमुना आधी एकटाच अगेटच्या खलात घोटा, मग २०० मिग्रॅ केबीआर मिसळा. केबीआर फार वेळ घोटला तर तोच ओल ओढतो. बेसलाइन घसरते ती कण जाड राहिल्यानं: प्रकाश विखुरतो, तोही जास्त तरंगसंख्येकडे अधिक. १३ मिमीच्या डायला (साच्याला) ८ ते १० टन, दोन मिनिटं, व्हॅक्यूम लावून. पॅलेट दुधाळ दिसला तर मोडून परत दाबा.

आणि नुसत्या केबीआरचा एक पॅलेट त्याच दिवशी जरूर काढा. ३४३० त्यातही दिसला की वादच मिटला.

तरंगलेखा:
पाऊस हटत नसेल तर नुजोल मल (mull, म्हणजे नमुना नुजोल या खनिज तेलात घोटून) करा, केबीआर लागतच नाही. फक्त २९२०, २८५०, १४६० आणि १३७७ तेलाचे समजून सोडून द्या.